खडूचा कडा, जांभ्याचा कडा

चित्र तळहाताहून थोडंसं मोठं. जुन्या विलायती प्रवासग्रंथातून सुटलेलं पान आहे. किनारी तपकिरी पडल्यात आणि उजेडात धरलं की पाठीमागच्या मजकुराच्या ओळी उमटतात. डावीकडे समुद्रात घुसलेला उंच पांढरा कडा, पायथ्याशी गोट्यांचा अरुंद पट्टा, त्यावर ओढून ठेवलेली होडी आणि दोन माणसं. लांबवर आणखी दोन भूशिरं, एकापेक्षा एक फिकट. वर आडव्या रेघांचं आभाळ. इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरचे खडूच्या दगडाचे कडे गेल्या दोन शतकांत असे शेकडो वेळा छापले गेले.

आता यावर भिंग धरू. आभाळ म्हणून जे दिसत होतं ते एकमेकींना समांतर अशा बारीक रेघांचं शेत निघतं. समुद्राच्या रेघा किंचित लहरत जातात, लाटेच्या माथ्यावर तुटतात. होडीच्या पोटाशी रेघा इतक्या दाट की शाई एकजीव झाली आहे. आणि कडा? कड्यावर जवळजवळ काहीच नाही. सावलीच्या बाजूला चार-सहा उभे फटकारे, मध्ये गारगोटीच्या थरांच्या दोन-तीन तुटक ओळी, माथ्यावर गवताचे बारीक टोचे. बाकी सगळा कोरा कागद. कारागिराने लाकडाच्या ठोकळ्यावरचा तेवढा भाग खणून काढला, तिथे शाई लागली नाही आणि कागदाचा पांढरेपणा हाच खडूचा पांढरेपणा झाला.

हे काम कसं होई ते नीट सांगायला हवं, कारण आज ते सहसा पाहायला मिळत नाही. नेहमीच्या लाकडी ठशासाठी फळी घेतात आणि रेषांच्या दिशेने सुरी चालवतात. इथे लाकूड वेगळं आणि कापही वेगळा. बॉक्सवुड नावाचं सावकाश वाढणारं, घट्ट धाग्याचं झाड. त्याचं खोड आडवं कापायचं आणि त्या गोल चकतीचा तोंडवळा घासून आरशासारखा गुळगुळीत करायचा. या आडव्या कापावर धाग्याची दिशा आडवी येत नाही, त्यामुळे पोलादी कोरणी कुठल्याही बाजूला सारख्याच सहजतेने फिरते. केसाएवढी रेघ निघते आणि छपाईच्या दाबाखाली टिकते. न्यूकॅसलचा थॉमस बेविक (१७५३–१८२८) याने ही कला उंचीवर नेली. त्याचा चतुष्पाद प्राण्यांवरचा ग्रंथ १७९० मध्ये आला, ब्रिटनमधल्या पक्ष्यांवरच्या ग्रंथाचा पहिला खंड १७९७ मध्ये. लांबचं दृश्य फिकट छापलं जावं म्हणून तो ठोकळ्याचा तेवढा भाग कोरण्याआधीच किंचित खरवडून खाली घेई. तिथे कागदावर दाब कमी पडतो आणि रेघा हलक्या उठतात. माझ्यासमोरच्या चित्रातली ती दोन फिकट भूशिरं याच युक्तीने मागे सरकली असावीत.

दुसरी मोठी सोय अशी, की हा ठोकळा खिळ्यांच्या उंचीचा असे. म्हणजे कंपोझिटरने जुळवलेल्या मजकुराच्या शेजारी तो बसवायचा, चौकटीत आवळायचा आणि मजकूर व चित्र एकाच दाबात छापायचं. तांब्याच्या किंवा पोलादी पत्र्यावरच्या चित्राला वेगळं यंत्र, वेगळा कागद, वेगळा खर्च लागे. चित्र गरिबाच्या हातात पोचलं ते या लाकडामुळे. हर्बर्ट इंग्रॅमने १४ मे १८४२ रोजी लंडनमध्ये ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’ सुरू केलं, ते याच ठोकळ्यांच्या भरवशावर. बॉक्सवुडचं खोड बारीक, त्यामुळे मोठं चित्र हवं असेल तर अनेक तुकडे मागून बोल्टांनी जोडावे लागत. घाई असली की चित्र काढून झाल्यावर तुकडे सुटे करायचे आणि प्रत्येक कारागिराला एकेक द्यायचा. एकाच्या वाट्याला आभाळ, दुसऱ्याच्या वाट्याला जहाजाचं शीड, तिसऱ्याच्या वाट्याला कड्याचा निम्मा भाग. पहाटेपर्यंत तुकडे परत आले की मुख्य कारागीर सांध्यावरच्या रेघा जुळवून घेई. जुन्या अंकांतल्या मोठ्या चित्रांत कधी कधी एक अगदी बारीक पांढरी रेघ आभाळापासून जमिनीपर्यंत सरळ उतरलेली दिसते. तो सांधा. माझी नजर चित्रापेक्षा आधी तिथेच जाते, कारण त्या रेघेच्या दोन बाजूंना दोन वेगळी माणसं बसलेली असतात आणि त्यांची नावं कुठेच नसतात.

काहींची नावं राहिली. डॅल्झिएल बंधूंचा लाकडी कोरणीचा कारखाना त्या काळी गाजलेला. मॅटरहॉर्न शिखरावर १४ जुलै १८६५ रोजी पहिल्यांदा पोचलेला एडवर्ड व्हिंपर हा पेशाने लाकडावर कोरणाराच होता. १८६० मध्ये तो आल्प्समध्ये प्रथम गेला तो लंडनच्या प्रकाशकासाठी डोंगरांची चित्रं काढायला. पण व्हिंपरसारखे डोंगर स्वतः चढलेले थोडे. बहुतेकांनी कोरलेला कडा कधी पाहिलेला नव्हता. चित्रकाराने ठोकळ्यावर पेन्सिलीने काढून दिलेलं त्यांनी खणलं. म्हणूनच एकाच कड्याची दोन चित्रं शेजारी ठेवली की एकात तो भिंतीसारखा ताठ आणि दुसऱ्यात समुद्रावर झुकलेला आढळतो.

हा पांढरा कडा मुळात आहे कशाचा? शाळेतला खडू म्हणाल तर तो आता बहुधा जिप्समचा असतो. हा खरा खडू समुद्रातल्या सूक्ष्म शैवालांच्या चुनखडी कवचांचा. ती कवचं इतकी लहान, की काहींचा आकार मिलीमीटरच्या हजाराव्या भागात मोजावा लागतो. ती मरून तळाशी साचत गेली, हजार वर्षांत जेमतेम एक-दोन सेंटिमीटर. साधारण १० कोटी ते ७ कोटी वर्षांपूर्वीचा हा व्यवहार. जीवशास्त्रज्ञ थॉमस हक्सली याने १८६८ मध्ये नॉरिच इथल्या कामगारांसमोर खडूच्या एका तुकड्यावर भाषण दिलं आणि त्या तुकड्यातून सबंध पृथ्वीचा इतिहास त्यांना उलगडून दाखवला. शास्त्र लोकांपर्यंत कसं न्यावं याचा तो आजही वस्तुपाठ मानला जातो.

आणि इथेच तो कडा रत्नागिरीला येऊन मिळतो. युरोपातल्या त्या उबदार समुद्रात खडूचे शेवटचे थर बसत होते, साधारण त्याच टप्प्याला, ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपास, आपला भूखंड हिंदी महासागरातून उत्तरेकडे सरकत होता आणि त्याच्या पाठीवर लाव्हाचे लोट पसरत होते. दख्खनचा काळा पाषाण तो. कोट्यवधी वर्षांच्या पावसाने आणि उन्हाने त्यातली सिलिका धुऊन नेली, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं आणि जांभा तयार झाला. तिथे साचत गेल्याने पांढरा कडा झाला, इथे झिजत गेल्याने तांबडा.

रत्नदुर्गावर, म्हणजे आपल्या भगवतीच्या किल्ल्यावर, हे उघड्यावर वाचता येतं. तीन बाजूंनी समुद्र, घोड्याच्या नालेच्या आकाराचा माथा, मध्ये भगवतीचं देऊळ आणि दक्षिणेच्या टोकाला सिद्ध बुरुजाजवळचं १८६७ चं दीपगृह. दीपगृहाकडे जाताना कठड्यापाशी थांबून खाली पाहावं. वरचा थर जांभ्याचा: छिद्रांनी भरलेला, बाहेर आलेल्या भागावर काळपट आणि नुकत्या तुटलेल्या जागी गंजासारखा लाल-पिवळा. त्याच्या खाली रंग बदलतो, दगड मऊ, मातकट होत जातो. तळाशी काळा कातळ आणि त्यावर फुटणारी लाट. लाट खालून पोखरते, मधला मऊ भाग सुटतो आणि वरचा जांभा आधार गेल्यावर घराएवढ्या तुकड्यांनी कोसळतो. पायथ्याशी पडलेल्या त्या तुकड्यांना भरतीचं पाणी वळसे घालत असतं. कड्याच्या पोटात समुद्राकडे तोंड असलेली गुहा आहे. तीही लाटेचीच करणी.

जांभा कोरणीने लाकडावर काढायचा तर? मी यावर बराच विचार केला आहे. खडूचा कडा खणून टाकला की झाला. जांभ्याचा कडा मात्र ठेवावा लागेल, आणि ठेवलेल्या त्या काळ्यात एकेक छिद्र टोचावं लागेल. सावली कुठली, छिद्र कुठलं, शेवाळ कुठलं हे सगळं एकाच शाईत सांगायचं. त्या माध्यमाला पांढरा दगड जितका सोपा गेला तितका हा तांबडा सोपा गेला नसता. पण इंग्लंडच्या कड्यांची चित्रं घरोघरी आणि आमच्या कड्याचं एकही नाही, याचं हे कारण खचितच नाही. कारण असं, की त्या चित्रांना गिऱ्हाईक होतं. रेल्वे समुद्रापर्यंत पोचली, लोक हवा पालटायला किनाऱ्यावर जाऊ लागले आणि परतताना आठवण म्हणून कड्याचं चित्र घेऊ लागले. आमच्याकडे कड्याशी काम पडे ते गलबत सांभाळण्यापुरतं, नाहीतर घरासाठी चिरा काढण्यापुरतं.

इंग्रज चित्रकार विल्यम डॅनिअलची गोष्ट मला या संदर्भात फार बोलकी वाटते. काका थॉमसबरोबर तो पोरवयात हिंदुस्थानात आला. १७९३ मध्ये दोघे मद्रासहून समुद्रमार्गे मुंबईला पोचले. म्हणजे कोकणचा सगळा किनारा त्यांच्या उजव्या हाताला होता. मुंबईत त्यांना चित्रकार जेम्स वेल्स भेटला आणि ते घारापुरी, कान्हेरी, कार्ले इथल्या लेण्यांमागे लागले. पुण्याचा गंगाराम चिंतामण तांबट त्याच काळात वेल्ससाठी वेरूळची लेणी मापून काढत होता. इंग्रज वकील चार्ल्स मॅलेटच्या आश्रयाने पेशव्यांच्या पुण्यात चित्रकलेचं जे छोटं केंद्र उभं राहिलं, त्यातला हा सर्वांत नामांकित मराठी हात. तांबटाची रेघ पाहिलेल्या माणसाला वाटतंच, की याने एकदा घाट उतरून किनाऱ्यावर यायला हवं होतं. तसं घडलं नाही. विल्यम डॅनिअल मायदेशी परतला आणि १८१४ ते १८२५ या काळात ब्रिटनला समुद्राच्या बाजूने वळसा घालून त्याने ३०८ चित्रांचा संच काढला. ती ताम्रपत्र्यावरची, लाकडावरची नव्हेत, पण किनाऱ्याची अशी सलग नोंद त्याआधी कोणी केली नव्हती.

त्या नोंदीचा उपयोग आज होतो आहे, आणि हा लेख मी लिहायला घेतला तो त्या उपयोगासाठीच. आयल ऑफ वाइट बेटावरचे किनारा-अभ्यासक रॉबिन मॅकिनेस यांनी जुनी चित्रं पुरावा म्हणून वापरायची रीत बसवली. चित्र कुठल्या माध्यमात आहे, चित्रकार किती प्रामाणिक होता, काय दाखवलंय, केव्हाचं आहे, हे सगळं तपासून ते प्रत्येक चित्राची विश्वासार्हता ठरवतात आणि मग त्यावरून कडा किती मागे सरला, दरड कुठे घसरली हे काढतात. चित्राचा काळ ठरवायला कड्यांनीच खुणा दिल्यात. डॉर्सेटच्या किनाऱ्यावर समुद्रात उभा असलेला ‘ओल्ड हॅरीज वाइफ’ हा खडूचा खांब १८९६ मध्ये पडला. चित्रात तो ताठ उभा असेल तर मूळ रेखाटन त्याआधीचं. बीची हेडच्या परिसरातलं बेल टाउट दीपगृह १८३० च्या दशकात कड्यावर उभारलं गेलं; १९०२ मध्ये पायथ्याशी समुद्रात नवं दीपगृह झालं आणि वरचं विझलं. पुढे कडाच मागे येत येत त्याच्या भिंतीपाशी पोचला, तेव्हा १९९९ मध्ये ती अखंड इमारत रुळांवरून १७ मीटर मागे ढकलण्यात आली. अभ्यासकांनी मोजलंय की त्या भागातले कडे हजारो वर्षं दर साल दोन ते सहा सेंटिमीटरने मागे सरत होते, आणि गेल्या दीडशे वर्षांत तो वेग २२ ते ३२ सेंटिमीटरवर गेला. पायथ्याचा गोट्यांचा पट्टा आटला, लाट थेट कड्यावर आपटू लागली. माझ्या चित्रातली होडी ज्या पट्ट्यावर ओढून ठेवली आहे, तो असाच एक पट्टा.

याच कारणासाठी मला त्या व्यापाऱ्यांचा राग येतो, जे जुने सचित्र ग्रंथ फोडून एकेक पान चौकटीत घालून विकतात आणि खपावं म्हणून त्यावर आजचा निळा-हिरवा रंग चढवतात. पान ग्रंथातून सुटलं की वर्ष गेलं, चित्रकार गेला, मजकुरातलं ठिकाण गेलं. उरते ती भिंतीवरची शोभा. माझं पानही असंच फुटलेलं आहे.

आमच्या किनाऱ्याचं काय राहिलं? लेण्यांच्या बाबतीत आपण भाग्यवान. फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातल्या लेण्यांवरचा १८८० चा ग्रंथ लाकडी ठोकळ्यांच्या चित्रांनी भरलेला आहे. त्याच १८८० मध्ये जेम्स कॅम्पबेलने संपादलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा दहावा खंड निघाला. खाड्या, बंदरं, किल्ले, उतारू, माल यांची त्यातली शब्दांतली नोंद आजही पहिल्या हाताशी लागते. रत्नागिरीत तेव्हा ‘जगन्मित्र’ आणि ‘सत्यशोधक’ ही पत्रं निघत होती. खिळे होते, छापखाना होता. पण कड्याचा ठोकळा कोरून घ्यावा इतकी ऐपत आणि हौस छोट्या गावच्या पत्राला कुठून असणार? पुढे छायाचित्रावरून जाळीचे ब्लॉक निघू लागले आणि लाकडाचं युग संपलं. काशीनाथ रघुनाथ मित्रांनी ‘मनोरंजन’चा १९०९ चा दिवाळी अंक काढला, आपल्या परंपरेतला पहिला, तोवर कोरणीवाल्यांचे हात इंग्लंडमध्येही रिकामे झाले होते.

तरी या किनाऱ्यावर कोरणं नव्हतं असं म्हणता येत नाही. ते लाकडावर नव्हतं, जांभ्यावर होतं. कड्याच्या वर पसरलेल्या सड्यांवरची, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवरची, कातळशिल्पं सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि त्यांच्या सोबत्यांनी गावोगाव हिंडून, गुराख्यांना विचारून उजेडात आणली. उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे: ही ठिकाणं २०२२ मध्ये युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. कशेळीचा हत्ती तर इतका मोठा, की जमिनीवर उभं राहून तो डोळ्यांत मावत नाही, आणि त्याच्या पोटात इतर प्राण्यांच्या आकृती आहेत. या कोरणाऱ्यांनी हत्ती काढला, गेंडा काढला, वाघ काढला, शार्क मासा आणि पाकट काढली. समुद्राची रेघ कुठे नाही, कडा कुठे नाही, क्षितिज नाही. ज्या कड्यावर बसून त्यांनी पाकट पाण्यातून जाताना पाहिली असेल तो कडा त्यांना काढावासा वाटला नाही, कारण तोच त्यांचा कागद होता. मला यात उणेपणा दिसत नाही. पण याचा अर्थ असा, की हजारो वर्षांच्या कोरीव परंपरेतही आमच्या कड्याची स्वतःची नोंद नाही.

आणि कडा तर जातो आहे. मिऱ्याच्या बाजूला समुद्र किती आत आला ते रत्नागिरीकराला सांगायला नको. बंधारा बांधायचा, पावसाळ्यात तो खचायचा, पुन्हा दगड टाकायचे, हे कित्येक वर्षं चाललं आहे. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात ‘बसरा स्टार’ हे जहाज मिऱ्याच्या किनाऱ्यावर येऊन रुतलं, तेव्हापासून तिथली वाळू कुठून कुठे सरकते हे लोक त्या जहाजावरून सांगू लागले. एका अडकलेल्या जहाजाने जे काम केलं ते जुन्या चित्राने करायला हवं होतं. वरून चिरेखाणींची यंत्रं सडे कापत आणतात, खालून लाट पोखरते. जांभा नुकता कापला की मऊ असतो आणि वाऱ्यावर घट्ट होतो, म्हणून त्याचा चिरा सोयीचा. पण त्याच मऊपणामुळे पाणी मुरलेला कडा एका पावसात उतरतो.

छायाचित्रं मात्र आमच्याकडे आहेत, आणि ती शोधायला हवीत. रत्नागिरीच्या जुन्या घरांत, मुंबईला गेलेल्या चाकरमान्यांच्या अल्बमांत, भगवतीच्या देवळात लागलेल्या लग्नांच्या फोटोंत, शाळेच्या सहलीच्या ग्रुप फोटोंत मागे कडा उभा आहे. नवरानवरीच्या खांद्यामागे बुरुज आहे, मुलांच्या डोक्यांवरून मिऱ्याचा डोंगर आहे. मांडवीच्या काळ्या वाळूवर आणि ‘पांढरा समुद्र’ म्हणतात त्या किनाऱ्यावर काढलेल्या फोटोंत तेव्हाचं पाणी कुठवर होतं ते मोजता येईल. गणपतीपुळ्याच्या वाटेवरचं आरे-वारे, कशेळीची देवघळी, हेदवीची बामणघळ, आंजर्ल्याच्या कड्यावरच्या गणपतीची वाट: जिथे जिथे माणसं हौसेने उभी राहिली तिथे तिथे ही नोंद नकळत झालेली आहे. कोणा एका महाविद्यालयाने, वाचनालयाने नाहीतर हौशी मंडळींच्या गटाने ती जमवायला घेतली, तर मॅकिनेस यांनी चित्रांना लावली तशीच परीक्षा त्यांना लावता येईल.

नवं काम त्याहून सोपं आहे. भगवती बंदरावरचा एखादा न हलणारा दगड ठरवायचा. दर वर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, ओहोटीला, त्याच दगडावर उभं राहून कड्याचा फोटो काढायचा. चौकटीत दीपगृह यायलाच हवं, कारण मोजायला काहीतरी जागेवर राहणारं लागतं. छापील प्रत काढून तिच्या पाठीवर तारीख, ओहोटीची वेळ आणि उभं राहायची जागा पेन्सिलीने लिहायची. शाईचं पेन नको, ते पलीकडे उमटतं. एक प्रत नगर वाचनालयात द्यायची, एक घरी ठेवायची. पहिला फोटो या दिवाळीतल्या अमावास्येला घ्यायला हरकत नाही. उधाणाच्या त्या दिवसांत ओहोटीला पाणी दूर जातं आणि पायथ्याचा काळा कातळ बराचसा उघडा पडतो.